साठ रुपयांचा कागद

मी कंपनीचा वार्षिक अहवाल मागून वाचतो. पुढची पन्नास पानं मी सहसा उघडतही नाही. तिथे अध्यक्षांचा हसरा फोटो असतो, पिवळी हेल्मेटं घातलेले कामगार असतात, हातात रोपटं धरलेली एखादी शाळकरी मुलगी असते आणि ‘आमचा प्रवास’ अशा नावाचं एक गुळगुळीत पान असतं. त्या गुळगुळीतपणाचा खर्चही भागधारकांच्याच खिशातून होतो. खरी कंपनी मागे राहते, बारीक टायपातल्या टिपांमध्ये. माल कोणाला विकला, त्याचे पैसे आले का, अध्यक्षांच्या नातेवाइकांच्या कोणकोणत्या फर्म आहेत, कोर्टात काय अडकलंय, हे कायद्याने लिहावंच लागतं. म्हणून ते अशा जागी लिहितात, जिथे कोणी वाचायला जात नाही.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं अकाउंट्समध्ये होतो. असल्या टिपा मी स्वतः लिहिलेल्या आहेत. गैरसोयीची गोष्ट कोणत्या वाक्यात, कोणत्या उपवाक्यात नेऊन बसवतात हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असा कोणाचा समज होऊ नये. आमच्या घरात एका माणसाचा तसा समज होता आणि त्या समजाच्या आडोशाला मी बरेच महिने सुखाने राहिलो.

तो माणूस म्हणजे माझी बायको. ती पनवेलच्या एका शाळेत शिक्षिका होती. आम्ही खांदा कॉलनीत जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. घर घेतलं तेव्हा आम्ही तिशीत होतो आणि तिसरा मजला म्हणजे हवा, उजेड, डास कमी. पन्नाशी ओलांडल्यावर हिचे दोन्ही गुडघे गेले. शाळेतून आली की प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभी राहायची आणि समोरच्या दारावरच्या पाट्या वाचल्यासारखं करायची. दम लागलाय हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. भाजी, दूध, मासळी, सगळं ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायची.

त्या पिशवीत मासळी टाकणारी मावशी उरणकडची. कोळीण. आठवड्यातून तीनदा टेम्पोने यायची, आमच्या बिल्डिंगखाली टब ठेवायची आणि वर बघून हाक मारायची, “बाई, बोंबील हाय ताजा!” तिची मुलगी काही वर्षं पनवेलला आत्याकडे राहून शिकली, ती हिच्या वर्गात होती, म्हणून ‘बाई’. मावशी भावात एक रुपया सोडायची नाही, पण पिशवीत वर दोन मांदेल्या जास्त टाकायची आणि कबूल करायची नाही.

मावशीचा नवरा बंदराजवळच्या एका कंपनीच्या यार्डात क्रेनवर होता. कंटेनर उतरवणं, गोदामं, मालाची ने-आण असला धंदा. कंपनीने शेअर बाजारात प्रवेश केला तेव्हा जुन्या कामगारांना थोडे थोडे शेअर दिले होते. नवरा गेला. त्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर काही दिवसांनी मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तिन्ही मजले चढून वर आली.

“भाऊ, तुमी त्या कंपन्यांचा वाचता ना? बाई सांगत व्हत्या. आमच्या मालकांचे हे शेअर माझ्या नावावर झाले. यार्डातले सगले सांगतात ठेव, सोना हाय. पोरगी सांगते ईक. मना घरावर स्लॅब टाकायचाय. काय करू?”

ती जमिनीवर बसली होती. मी खुर्चीवर. खुर्चीत बस म्हणालो तर म्हणाली, अंगाला वास हाय. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर कोणी मला काही विचारत नव्हतं.

चार दिवस मी त्या कंपनीवर बसलो. पाच वर्षांचे अहवाल काढले. शेअरची खरी किंमत काढायची म्हणजे काय, तर कंपनी पुढच्या वर्षांत किती रोख कमावेल याचा अंदाज करायचा, उद्याचा रुपया आजच्यापेक्षा लहान धरायचा आणि आलेल्या रकमेला एकूण शेअरनी भागायचं. ऐकायला सोपं आहे. नफा दरवर्षी वाढत होता, छापायला सुंदर. पण बँकेत रोख येत नव्हती. नफा कागदावर आणि पैसे गिऱ्हाइकांकडे. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे एकाच गिऱ्हाइकाकडे अडकलेले. हे गिऱ्हाईक कोण म्हणून शोधत गेलो तर शेवटून सातव्या पानावर एका टिपेत सापडलं. अध्यक्षांच्या मेव्हण्याची कंपनी. आणि जुना ऑडिटर मुदत संपायच्या आतच काम सोडून गेला होता, ‘इतर व्यापांमुळे’. ऑडिटरला व्याप असतातच. ते मार्चच्या तोंडावर अचानक वाढत नाहीत.

मी त्या टिपेच्या कडेला पेन्सिलने लिहिलं : मेव्हण्याला विकून नफा?

कंपनी वर्षाला बारा टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तेही उदार होऊन, आणि हिशेब केला. एकोणसाठ रुपये आणि काही पैसे आले. बाजारात भाव होता एकशे चाळीस.

मावशीच्या मुलीला वाचता यावं म्हणून मी एका रेघांच्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दिलं. नफा दिसतो पण पैसा येत नाही. माल मालकाच्या मेव्हण्याला विकला जातो. हिशेब तपासणारा सोडून गेला. या शेअरची खरी किंमत साठ रुपये. मिळतंय तोवर विकून टाका. खाली सही केली. सहीची काहीच गरज नव्हती. पण तळोजा सोडल्यापासून माझी सही कुठे लागली नव्हती.

त्या वेळी ही तिच्या भाचीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेली होती. तिला मी फक्त एवढंच सांगितलं की मावशीचे कागद बघून दिले. कंपनी कोणती, काय सांगितलं, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेअर हा विषय निघाला की तिला जांभया येत.

मावशीने एकशे चाळीसला विकले. स्लॅब पडला. एका सकाळी दोरीच्या पिशवीत पापलेटांच्या वर पेढ्यांचा पुडा आला.

आमचा एक रविवारचा कंपू होता. कामोठ्याला बारावी कॉमर्सच्या ट्यूशन घेणारे एक सर, त्यांच्या क्लासच्या बाकांवर आम्ही सात-आठ जण सकाळी बसायचो. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी आयटीतला. दर आठवड्याला एकाने एक कंपनी मांडायची. नियम एकच, आणि तो सरांचा : ज्याने कंपनी मांडली त्याने आपल्या मते तिची किंमत मागच्या फळ्यावर मार्करने लिहायची, पुढे नावाचं आद्याक्षर, आणि तो आकडा कोणी पुसायचा नाही. स्वतः लिहिणाऱ्यानेही नाही. “मार्केट पुसेल किंवा मार्केट फ्रेम करून देईल,” असं सर म्हणायचे. त्यांना असली वाक्यं सुचत. मी ती कंपनी मांडली, टीप वाचून दाखवली आणि फळ्यावर लिहिलं, ६०.

दोन महिन्यांत शेअर दोनशेवर गेला.

मग दोनशे सत्तर. कंपनीने कुठे नवी गोदामं घेतली, टीव्हीवर अध्यक्ष येऊन मांडी ठोकून बसले. तीनशे वीस. मी मेव्हण्याची टीप पुन्हा वाचली. येणं आणखी वाढलेलं होतं. मी बरोबर होतो. पण बरोबर असण्याला त्या फळ्यावर काही किंमत नव्हती. मार्करची शाई भिनून गेली होती आणि दर रविवारी ते साठ माझ्याकडे बघत बसायचे.

“काका, साठला मिळाले तर माझ्यासाठी पण दोन हजार घ्या,” आयटीतला मुलगा म्हणायचा. मुलगा कसला, चाळिशीचा घोडा. चहा आला की सर म्हणायचे, “काकांना साखर कमी. बाजारभावाच्या निम्मी.” सगळे खो खो हसायचे. पुढे माझं नावच पडलं, साठवाले काका. मी हसायचो. हसता हसता माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. अठ्ठावीस वर्षं मी ज्या साहेबांचे घोळ निस्तरले त्यांनीही मला असं वागवलं नव्हतं.

मग मावशीही आली. टब डोक्यावरून न उतरवताच तिने गॅलरीकडे बघून तोंड सोडलं. सगळ्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

“भाऊ! कुठं हायेत तुमचे साठ? यार्डातल्या माझ्या दिरानी त्याचे शेअर परवा ईकले, दोन मजले चढवले त्यानी! आनि मी एका स्लॅबवर बसलीय. तुमच्या पायी! शिकलेल्या मानसाचा ऐकला, हीच माझी चूक!”

ही शाळेत होती. मी गॅलरीतून आत आलो आणि दार लावून घेतलं. मावशीने आमच्या बिल्डिंगखाली थांबणं बंद केलं. हिने एकदा विचारलं, मावशी दिसत नाही हल्ली. मी म्हणालो, तिने लाइन बदलली असेल. दोरी खिळ्याला गुंडाळलेली राहिली.

त्याच वर्षी ही निवृत्त झाली. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून बावीस लाख आले. चौतीस वर्षं खडूच्या धुळीत उभं राहून कमावलेले, आणि ते उभं राहणंच तिच्या गुडघ्यांना भोवलेलं. तिने ते पैसे कशासाठी आहेत हे फार आधी ठरवून टाकलं होतं. विचुंब्याला एक नवी बिल्डिंग उभी राहत होती, तिच्यात तळमजल्यावर एक लहानसा फ्लॅट. टोकन भरलं. हे घर विकायचं, ते पैसे आणि हे पैसे मिळून ताबा घ्यायचा. वर्षभराचा अवधी होता. बघायला गेलो तेव्हा आत अजून फरशी नव्हती. दारासमोर एकच पायरी होती. ती पायरी हिने तीनदा चढून पाहिली. तिसऱ्यांदा कठड्याला न धरता. मग माझ्याकडे वळून इतकी हसली की बिल्डरचा माणूसही हसला.

रिक्षात बसल्यावर म्हणाली, “माझे पैसे कशात घालू नका हं. बँकेत राहू देत. वर्षाचाच प्रश्न आहे.”

“नाही घालत,” मी म्हणालो.

खातं दोघांचं होतं. पैशाचं सगळं मीच बघायचो. ती कधी पासबुक उघडायची नाही.

आता ती दुपार सांगतो. ही गुडघ्यांच्या व्यायामाला गेली होती. शेअर तीनशे नव्वदला होता आणि आदल्याच रविवारी सरांनी फळ्यावरच्या माझ्या साठापुढे मार्करने एक फूल काढलं होतं, श्रद्धांजलीला काढतात तसं. मी लॅपटॉप उघडला. माझी ती जुनी शीट काढली. कुठे चुकलं ते बघू, असं मी स्वतःला म्हणालो. मला माहीत होतं की कुठेच चुकलेलं नाही.

वाढीच्या रकान्यात बारा होते. मी पंधरा केले. किंमत शंभराच्या वर गेली. मग अठरा केले. मग उद्याचा रुपया जरा मोठा धरला, त्याला कारण शोधलं, ‘व्याजदर उतरतील’. मेव्हण्याकडे अडकलेले पैसे मी आधी बुडीत धरले होते, ते ‘येतील’ असे धरले. प्रत्येक बदलाला माझ्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारण परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळाले असते. शेवटी चारशे बावीस आले. म्हणजे तीनशे नव्वदचा शेअर अजून स्वस्त! ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांना हे खोटं वाटेल, पण तो आकडा येताच मला हायसं वाटलं. जणू तो मी टाकला नव्हता, कंपनीने माझ्या हातावर ठेवला होता. अडाणी माणसाला असं फसता येत नाही. त्याला शीट कुठे बनवता येते?

छापील अहवाल शेजारीच होता. पेन्सिलीचं वाक्य त्यात मागे होतं. मी ते पान उलटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अहवाल पुढून वाचला. अध्यक्ष हसत होते, रोपटं धरलेली मुलगी हसत होती.

त्या आठवड्यात हिचे बावीस लाख मी त्या शेअरमध्ये घातले. हिला फ्लॅट तर मिळेलच, वर मागची पार्किंगची जागाही घेता येईल, असं मनात. खरं सांगायचं तर पार्किंगचं मला नंतर सुचलं. मनात पहिल्यांदा काय होतं ते त्या रविवारी मी केलं. सगळ्यांच्या आधी क्लासवर गेलो, खिशातून बाटली काढली आणि स्पिरिटच्या बोळ्याने फळ्यावरचे साठ घासून घासून पुसले. त्या जागी लिहिलं, ४२२. सर आले, फळ्याकडे बघितलं, नियमाबद्दल चकार शब्द काढला नाही. नुसते म्हणाले, “वा काका, आलात माणसांत!” त्यांच्याकडेही त्या कंपनीचे शेअर होते आणि ते सगळे त्यांनी त्याच आठवड्यात विकले होते, हे मला फार नंतर कळलं.

चार महिने सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी कंपनीने बाजाराला चार ओळींचं पत्र दिलं. नव्या ऑडिटरचा राजीनामा. मेव्हण्याच्या कंपनीने हात वर केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर उघडताच खालच्या मर्यादेला जाऊन अडकला. बाजारात असं होतं तेव्हा विकायला सगळे उभे असतात आणि घ्यायला कोणीच नसतं, पडद्यावरचा आकडाही हलत नाही. रोज सकाळी सव्वानऊला मी विकायला टाकायचो, रोज तो तसाच परत यायचा. भाव साठाखाली गेला त्या दिवशी मी टीव्ही बंद करून कपडे वाळत घातले. अखेर विकले गेले ते अकरा रुपयांना.

हिला सांगावंच लागलं, कारण बिल्डरचा हप्ता आला होता. दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. ती ऐकत होती. हात पुसायचं फडकं तिच्या मांडीवर होतं, ते ती घडी करायची, उलगडायची.

“सगळे?” तिने विचारलं.

“साठ हजारांच्या आसपास उरलेत.”

“बँकेत ठेवा म्हटलं होतं मी.”

“चुकलो,” मी म्हणालो. आणि इथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, “पण हे कोणालाच कळलं नाही गं. मोठमोठे फंड फसले. ऑडिटर फसले. माझ्यासारख्याला कसं कळणार?”

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग उठली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “जाऊ दे. कोणालाच कळलं नाही तर तुमची काय चूक.”

विचुंब्याचा फ्लॅट सोडला. टोकनातले निम्मे कापून बाकीचे परत आले. लोक विचारू लागले, कधी जाताय राहायला? तिची साताऱ्याची बहीण, शाळेतल्या मैत्रिणी, शेजारीण. मी घरात असेन तर दुसऱ्या खोलीत जायचो. ती प्रत्येकीला एकच सांगायची, “यांची काही चूक नाही. कोणालाच कळलं नव्हतं.” एकदा तिची बहीण फोनवर माझ्याबद्दल वाकडं बोलली असावी. ही चक्क तिच्याशी भांडली. महिनाभर दोघी बोलत नव्हत्या. माझ्यासाठी.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगेन, सांगेन म्हणत राहिलो. खरं तर मनातून मला आता ते खरंच वाटू लागलं होतं. कोणालाच कळलं नव्हतं.

मग एका सकाळी दारावर थाप पडली. मावशी. धापा टाकत होती, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा, चांगला हातभर. आमच्या भागात जिताडा कोणी असाच देत नाही. ज्याचे उपकार फेडायचे असतात त्याच्या घरी तो जातो, आणि देणाऱ्याने स्वतः जाऊन द्यायचा असतो. दोरीच्या पिशवीतून पाठवायचा नसतो.

हिने तिला आत घेतलं. मावशी या खेपेलाही जमिनीवरच बसली आणि माझ्याकडे बघून तिने चक्क हात जोडले.

“भाऊ, मी तुमाला नाय नाय ते बोलली. बिल्डिंगसमोर बोलली. मना माफ करा. यार्डातले सगले बुडले. ज्यांनी ठेवला ते डोक्याला हात लावून बसलेत. दिरानी दोन मजले चढवले ना, त्याच्यावर उरलेले पैसे परत त्याच शेअरात घातले, गेले. माझा एक स्लॅब हाय, पन हाय! तुमी नसता तर तो पन नसता.” मग हिच्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुमचे मालक देवमानूस. यांना सगला आधीच कललेला.”

“कसलं आधीच?” हिने विचारलं.

मी म्हणालो, “मावशी, चहा घ्या आधी.”

पण मावशीने कमरेच्या बटव्यातून प्लास्टिकमध्ये घडी केलेला कागद काढला. “देव्हाऱ्यात ठेवला व्हता. मधी फाडनार व्हती, पोरीनी फाडून दिला नाय. आता लॅमिनेशन करनार हाय. बघा, सही पन हाय.”

हिने चष्मा लावला. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या त्याच पद्धतीने तिने तो कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. नफा दिसतो पण पैसा येत नाही. मेव्हणा. हिशेब तपासणारा. साठ रुपये. मिळतंय तोवर विकून टाका. वाचून झाल्यावर सहीवर बोट ठेवलं.

“हे यांनी कधी दिलं तुम्हाला?”

“मालकांचा वर्षश्राद्ध झाला ना, त्याच्या पंधरा दिवसांनी. तुमी गावाला गेलेल्या तवा.”

हिने मनातल्या मनात हिशेब केला असणार. सोपा होता. तेव्हा ती नोकरीत होती. बावीस लाख अजून आलेही नव्हते.

तिने कागद नीट घडी करून मावशीला परत दिला. चहा केला. मावशी जाताना तिच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि म्हणाली, “जपून ठेवा. लॅमिनेशन कराच.” दार लावून ती स्वयंपाकघरात गेली. जिताडा खवल्यांसकट ओट्यावर होता. तो साफ करायला चांगला तासभर लागतो, उभ्याने. मी म्हणालो, मी करतो. ती म्हणाली, नको.

दुपारी तिने मला डोक्याकडचा तुकडा वाढला, मानाचा. स्वतः आमटीभात घेतला.

“एक विचारू?” ती म्हणाली. “माझे पैसे घालताना हा कागद आठवला होता?”

खोटं बोलायला मला जागा होती. अजूनही होती.

“हो,” मी म्हणालो.

“मग का?”

मी तिला फळ्याचं सांगितलं. साठवाले काका, चहातली साखर, श्रद्धांजलीचं फूल, स्पिरिटचा बोळा. सांगताना ते इतकं लहान वाटत होतं की मधेच मला लाज वाटून थांबावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कोण हसले, किती जण होते, हेही विचारलं. सात-आठ, मी म्हणालो. तिने मान हलवली आणि ताट उचललं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, आता ती बहिणीला फोन करेल, सगळं सांगेल, आणि एकदा माझी काय ती शोभा होऊन जाईल. फोन बहिणीचाच आला, संध्याकाळी. अबोला सुटला होता. तिकडून फ्लॅटचा विषय निघालाच असावा, कारण ही जराशी थांबली. मी सवयीने दुसऱ्या खोलीत जायला उठलो. तिने हाताने खूण करून मला बसायला सांगितलं.

“नाही गं,” ती फोनमध्ये म्हणाली, माझ्याकडे बघत. “यांची काही चूक नाही. कोणालाच कळलं नव्हतं.”

तेव्हापासून कोणीही विचारलं की ती हेच सांगते. आधी माझ्या पाठीमागे सांगायची, आता मला समोर बसवून सांगते. सांगून झालं की माझ्याकडे बघते, आणि समोरचा माणूसही माझ्याकडे बघतो. मग मला मान डोलवावी लागते.